सोपी वाट कमी प्रतीची नसते
सह्याद्रीत भटकणाऱ्या ट्रेकर मंडळींना सुलतानपूरहून खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक आणि नागपूर येथील ट्रेकर मंडळी, ट्रेकिंग संस्था व सहलींचे आयोजक यांस,



मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर आमचं सुलतानपूर लागतं. मेहकरकडून लोणारला जाणारी वाट इथूनच वळते आणि पुढे बारा-तेरा किलोमीटरवर सरोवर येतं. तुमच्या गाड्या जाताना आम्हाला दिसतात, परततानाही दिसतात. या दोन्हींमध्ये वेळ इतका थोडा गेलेला असतो की फाट्यावर चहा पिताना कोणीतरी विचारतंच, "एवढ्यात झालं का जी पाहून?" त्यावर उत्तर ठरलेलं: "हो, वरून पाहिलं. फोटो काढले. आता वेरूळ करायचंय."

या उत्तरामुळेच हे पत्र लिहावं लागलं. नुसत्या हौशी प्रवाशांना ते लिहिलेलं नाही. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत, पोरं कंटाळलेली आहेत, त्यांनी काठावरून पाहून पुढे जाण्यात काही वावगं नाही. पत्र तुम्हाला आहे, कारण तुम्ही स्वतःला चालणारी माणसं म्हणवता. पाठीवर सॅक, पायात चांगले बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. पहाटे तीनला उठून गडाच्या पायथ्याशी पोचायची तुमची तयारी असते. अशा माणसांनी लोणारला येऊन गाडीपासून कठड्यापर्यंतच चालावं, याचा राग येतो. आदर आहे म्हणूनच येतो.

आधी तक्रारी मांडतो. विनंत्या नंतर.

पहिली तक्रार तुमच्या श्रेणींबद्दल. तुमच्या वेळापत्रकात प्रत्येक वाटेपुढे सोपी, मध्यम, कठीण असं लिहिलेलं असतं. नवख्या माणसाने आपला वकूब ओळखावा, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण प्रत्यक्षात 'सोपी' म्हणजे नवशिक्यांची, पावसाळी गर्दीची, अनुभवी माणसाने न बोलता टाळायची, असा अर्थ होऊन बसला आहे. कळसूबाई 1,646 मीटर म्हणून रांगेत उभं राहून चढायचं. हरिहरच्या कातळपायऱ्यांवर पुढच्याच्या टाचेला नाक लागेपर्यंत गर्दी करायची. आणि ज्या वाटेवर कुठेही दोर लागत नाही, छाती फुटत नाही, ती वाट मात्र 'ट्रेकच नव्हे'. विदर्भ म्हणजे सपाट, तिथे चालण्यासारखं काय असणार, हे तर आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तरही देत नाही.

लोणारच्या काठाची फेरी सोपी आहे, हे मी लपवत नाही. विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर, म्हणजे हिशेबाने काठाचा घेर पावणेसहा किलोमीटरच्या आसपास येतो. वाट वळणं घेत जाते, म्हणून पायाखाली त्याहून थोडी जास्त पडते. भोवतालच्या शेतांपेक्षा हा काठ वीसेक मीटरच उंच. दमादमाने, थांबत, पाहत चाललं तर एक सकाळ पुरते. दहा वर्षांचं पोर चालू शकतं, गुडघे सांभाळत साठीतली माणसंही चालू शकतात. यात त्या वाटेचं कमीपण कुठे आलं? उलट चढणीवर माणूस श्वासाकडे आणि पुढच्या पावलाकडे पाहतो, आणि सोप्या वाटेवर त्याला आजूबाजूला पाहायला फुरसत असते. सोपी वाट तुमच्या पायांची परीक्षा घेत नाही, नजरेची घेते. त्या परीक्षेत पुष्कळ कसलेले ट्रेकर नापास होतात.

दुसरी तक्रार एकाच जागेवरून पाहण्याबद्दल. गड पाहायचा तर माथा गाठावा लागतो, हे तुम्हाला अंगवळणी पडलं आहे. लोणारला माथा नाही. इथे डोंगर उलटा आहे. तुम्ही पोचता तेच सर्वात उंच जागी आणि समोर दीडशे मीटर खोल विवर. पोचल्याबरोबर शिखर सर झाल्यासारखं वाटतं आणि पाय थांबतात. पण वर्तुळ एका बिंदूवरून कळत नाही. कठड्यापाशी उभं राहिलं की एक हिरवट तळं आणि भोवती झाडी दिसते, बस. हे विवर म्हणजे उल्केचा आघात होता, स्फोट होता, हे कळायला काठाकाठाने फिरावंच लागतं.

फिरलं तर काय दिसतं ते सांगतो. दख्खनच्या काळ्या कातळाचे थर सह्याद्रीत तुम्ही आडवे पाहिलेले आहेत, एकावर एक रचलेले. लोणारच्या काठावर तेच थर विवरापासून बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. आतून प्रचंड रेटा आल्यामुळे ते वर उचलले जाऊन उलथले. आतला उतार उभा आहे, बाहेरचा इतका मंद की आपण उतरतोय हे शेताच्या बांधाशी पोचल्यावर लक्षात येतं. तो मंद उतार म्हणजे आघाताच्या वेळी बाहेर फेकल्या गेलेल्या दगडमातीचा थर. आज त्यावर सोयाबीन, तूर, कपाशी उभी असते. ईशान्येला हाच काठ गोमुखाच्या धारेच्या ओढ्याने चिरला आहे. या साऱ्या गोष्टी कठड्यावरून एका नजरेत मावत नाहीत, एकामागून एक पायाखाली येतात.

आणि रान? चीडाच्या मोकळ्या रानातून, वाळक्या पानांवरून सावकाश चालण्यासाठी तुम्ही रेल्वेची आरक्षणं करून हिमाचल गाठता. खुशाल गाठा. पण आमच्याकडचं सागाचं रानही एकदा पाहा. पावसाळ्यात ते दाट असतं, पुढे पान गळू लागलं की उघडं होत जातं, आणि मग खोडांमधून सरोवर दिसत-लपत तुमच्याबरोबर चालतं. मोठी वाळकी पानं पावलागणिक वाजतात. मोर ऐकू येतात, माकडं फांद्या हलवून तुमची दखल घेतात. खाली उतराल तसं रान बदलतं: वर साग, खाली वेडी बाभूळ, मग काहीच न उगवणारा खारट पट्टा आणि मग पाणी. एका उतारावर एवढ्या पायऱ्यांनी बदलणारं रान तुमच्या गडांच्या वाटेवर क्वचित भेटेल.

तिसरी तक्रार तुम्ही जे सांगत फिरता त्याबद्दल. तुमच्यातली बरीच मंडळी रील करतात. लोणारवरच्या रीलमध्ये तीन गोष्टी हमखास असतात: पाणी गुलाबी झालं, होकायंत्र चालत नाही आणि नासासुद्धा थक्क झाली.

पाणी गुलाबी झालं होतं, जून 2020 मध्ये. पाण्याची पातळी घटली, क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तसंच सांगितलं. पुढे पाऊस पडला आणि रंग ओसरला. एरवी पाणी हिरवट असतं, तेही सूक्ष्म शैवालांमुळेच. हे पाणी इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा सामू 10 च्या आसपास जातो. त्या पाण्यात कोण कसं जगतं, हा खरा नवलाचा विषय. पण तुम्ही वर्षभर गुलाबी पाणी शोधत येता आणि हिरवं दिसलं की फसवणूक झाल्यासारखा चेहरा करता.

होकायंत्राचं म्हणाल तर दख्खनच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट असतं. काही दगडांजवळ सुई हलते. ती तुमच्या सह्याद्रीतल्या एखाद्या कातळापाशीही हलू शकते, पण तिथे तुम्ही ती काढून पाहत नाही.

आणि थक्क होण्यासारखी खरी गोष्ट कोणी सांगतच नाही. हे विवर ज्वालामुखीचं, असं पुष्कळ काळ मानलं जाई. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये त्याची नोंद केली, तेव्हापासून ते विसाव्या शतकापर्यंत चर्चा चालली. खाली खोदून काढलेल्या दगडांत आघाताच्या प्रचंड दाबाशिवाय तयार न होणाऱ्या काचेसारख्या खुणा सापडल्या आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानंतर उल्कापाताचा मुद्दा पक्का झाला. वयाचंही तसंच. 52,000 वर्षं हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो 1990 च्या दशकातल्या तपासणीतून आलेला. नंतर आर्गॉनच्या पद्धतीने काढलेलं वय सुमारे 5,70,000 वर्षं आलं. म्हणजे दहापटीहून अधिक. एका विवराचं वय अभ्यासकांच्या हातात असं पालटतं, यात जी गंमत आहे ती 'नासा थक्क' मध्ये नाही. चंद्रावर, मंगळावर विवरं पुष्कळ आहेत आणि तिथला कातळही बराचसा बसाल्टच. बसाल्टात झालेलं असं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून शास्त्रज्ञ लोणारला येतात. एवढं एका वाक्यात सांगता येतं. सांगा ना.

चौथी तक्रार वागण्याची. ती लिहायला संकोच वाटतो, कारण गडांवर स्वच्छता मोहिमा काढणारे तुम्हीच. पण रानात आलं की शिट्ट्या, स्पीकर, घोषणा सुरू होतात. गडावर घोषणा शोभतात, अभयारण्यात नाही. लोणारला 2000 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र छोटं, चार चौरस किलोमीटरसुद्धा नाही. त्यात बिबट्यापासून घोरपडीपर्यंत सगळ्यांनी राहायचं आहे. 2020 मध्ये सरोवर रामसर यादीत आलं. नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातली ही दुसरी पाणथळ जागा. माकडांना बिस्किटं टाकणं, मध्ययुगीन देवळांच्या खांबांवर बसून फोटो काढणं, चमकदार दगड आठवण म्हणून खिशात घालणं, हे तुम्हाला कोणी शिकवायला हवं असं नाही. त्या दगडांत आघाताच्या खुणा असतात. प्रत्येकाने एकेक नेला तर पुढच्या अभ्यासकाने काय पाहायचं?

पाचवी आणि शेवटची तक्रार, तुम्ही आम्हाला वाटेतलं गाव समजता. तुमच्या आखणीत लोणार हा अजिंठा-वेरूळच्या मधला थांबा असतो आणि सुलतानपूर म्हणजे स्वच्छतागृह विचारायचं ठिकाण. याच हमरस्त्याने पुढे सिंदखेडराजा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान. प्रत्येक गडाच्या दारात शिवरायांचा जयजयकार करणाऱ्यांपैकी किती जण तिथे थांबले आहेत, हे आपापलं आठवून पाहा. गडांची नावं आम्हाला पाठ आहेत. तुम्हाला आमच्या तालुक्याचं नाव सांगता येतं का?

आता विनंत्या.

पहिली: पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात 'लोणार काठफेरी' अशी एक ओळ घाला. श्रेणी 'सोपी' अशीच लिहा, लाजू नका. फक्त 'थांबा' म्हणून नाही, त्या दिवसाचं मुख्य काम म्हणून. आदल्या रात्री मुक्काम, सूर्य उगवताना चालायला सुरुवात, दुपारच्या आधी फेरी पुरी. खाली उतरायचं असेल तर ते वेगळं ठेवा. चढून येताना ऊन माथ्यावर असलं की सोपी वाटही सोपी राहत नाही.

दुसरी: फेरी प्रदक्षिणेच्या दिशेने, विवर उजव्या हाताला ठेवून करा. हे धार्मिक कारणासाठी सांगत नाही, कोणाला ते तसं वाटलं तरी हरकत नाही. सकाळी धारेजवळून निघालात तर उगवतं ऊन आधी समोरच्या पश्चिमेच्या उतारावर पडतं आणि थर स्पष्ट दिसतात. तुम्ही पश्चिमेला पोचेपर्यंत सूर्य वर येतो आणि पूर्वेचा उतार उजळतो. आपल्याकडे गोल चालायची परंपरा जुनीच आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी हजारो लोक करतात, नर्मदेची परिक्रमा माणसं महिनोन्‌महिने करतात. आमच्या जिल्ह्यातून तर शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते. या वाटांवर कोणी शिखर सर करत नाही. सगळं पाहून पुन्हा निघालो त्याच जागी येणं, हेच त्या चालण्याचं काम. काठफेरी त्याच जातीची आहे.

तिसरी: हंगाम आणि नियम पाळा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात आतल्या बाजूच्या कडा निसरड्या आणि ठिसूळ असतात, तिथे फोटोसाठी झुकू नका. मार्चनंतर विदर्भाचं ऊन सह्याद्रीच्या उन्हासारखं नसतं, ते अंगातलं पाणी न सांगता काढून घेतं. माणशी किमान दोन लिटर पाणी ठेवा, काठावर झरे शोधत बसू नका. अभयारण्याच्या प्रवेशाच्या वेळा, शुल्क आणि कुठला भाग त्या वेळी खुला आहे, हे निघण्याआधी वनखात्याकडून विचारून घ्या. सरोवराची पातळी वर्षागणिक वरखाली होते, म्हणून खालच्या काठाने फिरायची वाट कायम धरून चालू नका. संध्याकाळी रेंगाळू नका, कारण त्यानंतरचं रान आपलं नसतं.

चौथी: गटात दहा-पंधराच माणसं आणा आणि स्थानिक माणूस बरोबर घ्या. लोणारमध्ये विवर, देवळं, झाडं यांची खरी माहिती असलेली माणसं आहेत. त्यांना दिवसाचा मोबदला द्या, 'वाट दाखवायला' म्हणून शंभराची नोट पुढे करू नका. गोमुखाची बारमाही धार, रामगया, खाली काठावरचं कमळजा देवीचं देऊळ, गावातलं दैत्यसूदन मंदिर आणि लवणासुराची कथा, मोठ्या मारुतीची आडवी मूर्ती, शेजारचं अंबर तळं, या प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं कान देऊन ऐकलंत तर फेरीत दुप्पट भर पडेल. दैत्यसूदन मंदिर तर अजिबात सोडू नका. तुम्ही गडांच्या तटबंदीतले चिरे निरखता, तर या मंदिराच्या बाह्यांगावरची शिल्पं निरखायला तासही अपुरा पडेल.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची: तुमचं कसब लोणारला वापरा. वाटा मोजून नकाशे करणं, फलकांसाठी अचूक मजकूर लिहिणं, पडलेला कचरा पोत्यांत भरून खाली आणणं, अडकलेल्या माणसाची सुटका करणं, हे सह्याद्रीने तुम्हाला शिकवलं आहे. लोणारच्या संवर्धनासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं जनहित याचिका चालली. सांडपाणी, वेडी बाभूळ, देवळांची दुरवस्था, सगळं तिथे मांडलं गेलं. न्यायालय आदेश देऊ शकतं, पण दर आठवड्याला काठावर डोळे ठेवू शकत नाही. चालणारी माणसं ठेवू शकतात. वर्षातून दोन वेळा एखाद्या संस्थेने परवानगी घेऊन काठफेरी केली, काय बिघडलं काय सुधारलं याची नोंद केली, छायाचित्रं त्याच जागांवरून पुन्हा पुन्हा काढली, तर दहा वर्षांत वनखात्याच्या आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडेल असा दस्तऐवज तयार होईल. वेडी बाभूळ कुठे हटली, कुठे परत आली, साग कुठे मागे सरकला, पाणी कुठवर चढलं, हे असं नोंदवलं तरच कळतं. ही कामं कठीण श्रेणीची आहेत, हेही तुमच्या लक्षात येईल.

सहावी विनंती अगदी साधी. तुमच्या घरातल्या ज्या माणसाला तुम्ही कधी ट्रेकला नेलं नाही, त्याला या फेरीला आणा. आईला, सासऱ्यांना, शेजारच्या शाळकरी पोराला. गडावर ज्यांना पायथ्याशी बसवून ठेवावं लागतं, त्यांच्याबरोबर तुम्हाला एकदा तरी पूर्ण वाट चालता येईल. सोप्या वाटेचा हा मोठा गुण आहे आणि तुमच्या श्रेणींच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

लोणारला गर्दी व्हावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. हरिहरसारखी रांग इथे लागली तर हे पत्र मागे घ्यावं लागेल. आज येतात तेवढ्याच माणसांनी अर्ध्या तासाऐवजी एक सकाळ द्यावी आणि जाताना खरी माहिती घेऊन जावं, एवढंच मागणं आहे. तेवढ्याने काठावरचा ताण वाढणार नाही. लोणार-सुलतानपुरातल्या चहावाल्यांचं, खाणावळींचं थोडं भलं होईल, आणि रीलमधली थोडी भंकस कमी होईल.

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबई-नागपूर दोन्हीकडून आता आमच्याकडे यायला लागणारा वेळ कमी झाला आहे. वाचलेला वेळ पुढच्या ठिकाणी लवकर पोचायला वापरायचा की इथे चालायला, हे तुम्ही ठरवायचं. काठफेरी करून परतताना फाट्यावर जरूर थांबा. "पाहून झालं का?" असं विचारलं जाईलच. त्या वेळी थरांबद्दल, सागाबद्दल, काठाच्या पश्चिम बाजूबद्दल दोन गोष्टी सांगता आल्या, तर चहाचे पैसे आमच्याकडून.

आपला स्नेहाकांक्षी,
सुलतानपूरचा एक रहिवासी
(तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा)